अकरा गुंड्या आणि एक डोणी

सोमा मडावी. हे नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे विसरल्याचा दोष नको. या लेखात जे काही हुशारीचं वाटेल ते बहुतेक त्यांचं आहे, आणि जे मूर्खपणाचं वाटेल ते खात्रीनं माझं. माझ्या आईवडिलांनी मला शाळेत घातलं, मूल गावच्या आणि चांद्याच्या गुरुजींनी मला शिकवलं, नागपूरच्या कॉलेजनं मला बी.एस्सी. केलं. पण या सगळ्या शिक्षणाचं करायचं काय, हे मला सोमाभाऊंनी एका लेथपुढे उभं करून दाखवलं.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबत. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, "आता किती राह्यलं तुय शिकनं?"

"संपलं आई."

"मंग तं आता तुले सगळंच येत असन!"

मला खरोखर तसंच वाटत होतं. चार महिने वाटत राहिलं.

मी लागलो ती आलापल्लीच्या अलीकडची एक आरागिरणी. सागवानाचे ओंडके बैलगाडीनं यायचे, मोठ्या गोल करवतीवर चिरले जायचे आणि फळ्या होऊन बल्लारशाकडे जायचे. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. विजेचे खांब त्या जंगलात कुठून असणार? गिरणीची वीज गिरणीतच तयार व्हायची. लाकडाच्या ढलप्यांवर बॉयलर, बॉयलरवर वाफेचं इंजिन, इंजिनावर डायनॅमो. माझी नेमणूक शिकाऊ सुपरवायझर म्हणून झाली. मजूर मला 'बीएस्सी बाबू' म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मी कधी मोजलं नाही.

गिरणीच्या मागच्या शेडमध्ये एक लहान लेथ होता, लढाईनंतरच्या लिलावात घेतलेला. ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुंभाराचं चाक आडवं केलं की लेथ. कुंभाराकडे माती फिरते आणि हात स्थिर राहतो, इथे लोखंड फिरतं आणि पोलादी हत्यार स्थिर राहतं. पण कुंभार चाकाचा वेग हातानं कमीजास्त करतो, तसा लेथलाही करावा लागतो. जाड लोखंड हळू फिरवायचं, बारीक पितळ जोरात. वेग चुकला तर हत्यार जळतं, नाहीतर कामावर ओरखडे पडतात. आमच्या लेथला स्वतःची मोटार होती आणि तिचा वेग ठरवायला भिंतीवर एक पेटी होती, रेग्युलेटर. आत काळ्या दगडाची पाटी, पाटीवर अर्धगोलात अकरा पितळी गुंड्या, मागे तारेची वेटोळी आणि पुढे एक फिरता हात, ज्याची मूठ झाकणाबाहेर असे. बांधीत पाणी सोडताना आपण मातीनं तोंड लहानमोठं करतो ना, तसं हा हात एकेका गुंडीवर सरकवला की मोटारीकडे जाणारी वीज कमीजास्त होते.

लेथवर सोमाभाऊ. जंगलातल्या गावचे, पण तरुणपणी माजरीकडच्या कोळसा खाणीत टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या, हाताखाली राहून काम शिकलेले. अक्षर येत नव्हतं. माप डोळ्यानं घ्यायचे आणि वेग कानानं.

गिरणीचं काम नसलं की आजूबाजूचे लोक काय काय घेऊन यायचे! कोणी बंडीच्या चाकाची घासलेली बुश, म्हणजे आसाभोवतीची कडी, कोणी भजनाच्या टाळाची वाटी. एकदा एक म्हातारा सुपारीचा अडकित्ता घेऊन आला आणि म्हणाला, "याले जरा फिरवून द्या, कातरत नाई." सोमाभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बाबा, हे फिरवाचं काम नोहे, धाराचं हाय. अन् सुपारी तुमी कोन्या दातानं खाता?" म्हाताऱ्याच्या तोंडात एकही दात नव्हता. तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

खांडेनवमीला गिरणी बंद ठेवून यंत्रांची पूजा होई. यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळद-कुंकू लावायचं. मजुरांच्या घरच्या बायाही यायच्या. मला वाटलं, इतके लोक जमलेत तर त्यांना विज्ञान का दाखवू नये? मी रेग्युलेटरचं झाकण काढलं आणि भाषण सुरू केलं. गुंड्या मी सकाळीच घासून ठेवल्या होत्या. नुसत्या लखलखत होत्या!

बॉयलरवाल्याची आई सखूबाई पुढे आली. तिच्या हातात वाटी होती, जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराची.

"बाबू, हे पितळेचं काय हाय जी?"

"सखूबाई, या अकरा गुंड्या. एकेक गुंडी म्हणजे एकेक वेग. मशीनचा सगळा जीव यात आहे."

"जीव याच्यात हाय, अन् कुंकू तुमी वरच्या पत्र्याले लावून राह्यले? याईले लावाचं काऊन नाई?"

सगळे हसले. मीही हसलो. सोमाभाऊ तेवढे हसले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाबू, आतल्या आंगाले नोको लावू देऊ. झाकन लावून घ्या."

मी म्हणालो, "अहो, वर्षातून एकदाच तर आहे." आणि सखूबाईंकडे वळून म्हणालो, "लावा, लावा!"

तिनं अकराही गुंड्यांना बोटभर शेंदूर लावला. संध्याकाळी मी तो पुसणार होतो, पण पूजेचं त्याच दिवशी पुसायचं नसतं असं बायांनी बजावलं. मी वर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं वाटताना मी शेंदूर पार विसरलो.

जवसाचं तेल वाळलं की त्याचा रंगासारखा कडक पापुद्रा होतो आणि त्यातून वीज जात नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते.

दसऱ्यानंतरच्या सकाळी लेथवर मोठ्या करवतीचा शाफ्ट चढवलेला होता. करवत याच शाफ्टवर फिरते. तो घासला होता आणि नवीन बुशच्या मापाला उतरवायचा होता. तो होईपर्यंत करवत बंद, म्हणजे सगळी गिरणी बंद. सोमाभाऊंनी पेटीचा हात पहिल्या गुंडीवर आणला. मोटार गुरगुरली. हात पुढे सरकेना, जिथे सरके तिथे टेकेना. झाकणाच्या फटींतून निळ्या ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला, आत वेटोळी लाल झाली आणि दगडाची पाटी तडकली. सोमाभाऊंनी मेन स्विच ओढला.

मी धावत आलो, झाकण काढलं. काळवंडलेल्या गुंड्यांवर अजून शेंदूर दिसत होता. मॅनेजरना बोलवायला माणूस गेला होता. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि गुंड्या पुसल्या. होय, पुसल्या. सोमाभाऊ शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

मॅनेजर नागपूरकडचे, कामाला पक्के आणि तोंडाला तिखट. पेटी पाहून म्हणाले, "काय रे सोमा, दसऱ्याची मोहाची उतरली नाही का अजून?"

आता हे समजून घ्या. माजरीला असताना सोमाभाऊंनी एका प्यायलेल्या जोडीदाराचा हात यंत्राच्या पट्ट्यात जाताना पाहिला होता. त्या दिवसापासून देवाला वाहिलेल्या मोहाच्या दारूतला थेंबही ते स्वतःच्या जिभेला लावत नसत. सगळ्या गिरणीला हे माहीत होतं. मलाही.

सोमाभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही. नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते आणि गावात वडील सगळ्यांना सांगत फिरत होते की पोरगा साहेब झाला. ही कारणं आज लिहितानाही हलकी वाटतात.

मॅनेजर म्हणाले, "नवा रेग्युलेटर कलकत्त्याहून यायला चार-पाच महिने लागतील. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत शाफ्ट झाला नाही तर सोम्या, तू घरी."

ते गेल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोमाभाऊच म्हणाले, "बाबू, ते सारं मागून पाहू. शाफ्ट अर्धा कातून ठेवला हाय, त्याचं काय करता ते सांगा. तुमी तं बीएस्सी हा."

त्यांनी हे टोमण्यानं म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की मला काहीतरी येत असेल. आणि काय सांगू, त्या क्षणी मला आठवलं! कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या भांड्यात सोड्याचं पाणी होतं, त्यात दोन पत्रे. पत्रे जवळ आणले की वीज जास्त जाते, लांब नेले की कमी. तारेची वेटोळी जे करतात तेच पाणीही करतं! मी जमिनीवर कोळशानं चित्र काढलं. सोमाभाऊ उकिडवे बसून पाहत होते.

"म्हनजे पान्यानं मशीन चालते?"

"पाण्यानं मशीन आवरता येते."

"मंग बसले काऊन? उठा ना जी!"

सुतारांनी दुपारपर्यंत सागाची पेटी ठोकून दिली. सांधे बुजवायला मी लाख सुचवली. जंगलातली लाख आमच्याकडे हवी तेवढी मिळते, आणि तिच्यातून वीज जात नाही हे मला पाठ होतं. आम्ही लाख वितळवून सांध्यांत ओतली, पाणी भरलं, धुण्याचा सोडा टाकला. सकाळी पाहतो तो पाणी तांबडंलाल आणि निम्मी पेटी रिकामी. सोड्याच्या पाण्यात लाख विरघळते. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं.

मी डोक्याला हात लावून बसलो. सोमाभाऊ गळक्या पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सांदा आला का गळन आलं. ज्याले सांदाच नाई, असं भांडं पाह्यजे." आणि ते चालू लागले. थोड्या वेळानं परतले ते गाडीवान झिंगरूशी भांडत. दोघांच्या मध्ये बैलांची डोणी होती. एकाच ओंडक्यातून कोरलेली, पुरुषभर लांब, पाणी पाजायची.

झिंगरू ओरडत होता, "अन् बैलाईनं का कपात पानी प्याव का?"

"बशीत प्या म्हनाव," सोमाभाऊ म्हणाले. "बाबूले शास्त्र करू दे."

डोणी पाहिली आणि मी अक्षरशः उडी मारली. लांब भांडं! एक पत्रा एका टोकाला पक्का करायचा आणि दुसरा लांबीभर मागेपुढे सरकवायचा. काचेच्या भांड्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. पत्रे तुटक्या करवतीचे केले. ओल्या लाकडातून वीज जमिनीत उतरू नये म्हणून तारेच्या खांबावर असतात ते चिनी मातीचे कप स्टोअरमधून काढले आणि डोणी त्यांवर बसवली. सरकत्या पत्र्याला कोरड्या सागाची लांब मूठ केली. सोमाभाऊंनी डोणीच्या काठावर पटाशीनं खाचा पाडल्या. मी मोजल्या. अकरा.

"अकराच का, सोमाभाऊ?"

"हाताले अकराची सवय हाय."

बाजाराला तीन दिवस राहिले होते. शेडमध्ये सगळी गिरणी जमली. मी विहिरीचं साधं पाणी भरलं, सगळ्यांना दोन हात लांब उभं केलं आणि स्विच टाकला. काहीच नाही. सोमाभाऊंनी मोटारीवर कान नेला.

"हुंकार हाय, पन जोर नाई."

मी स्विच काढून एक मूठ सोडा टाकला. पुन्हा स्विच. मोटार थरथरली.

"अजून एक मूठ, बाबू."

तिसऱ्या मुठीला चाक एक फेरा फिरलं आणि थांबलं. मागून सखूबाई म्हणाली, "मीठ-मिरची बी टाकून पाहा!" पाचव्या मुठीला मोटार फिरली, आणि फिरतच राहिली! सोमाभाऊंनी मूठ पहिल्या खाचेतून दुसऱ्या खाचेत आणली, वेग वाढला. चौथी, पाचवी, आणखी वाढला. मागे नेली, कमी झाला. पत्र्यांभोवती बारीक बुडबुडे येत होते. लोक ओरडत होते, झिंगरू टाळ्या वाजवत होता आणि मी "बिड्या लांब, बिड्या लांब!" म्हणून किंचाळत होतो, कारण ते बुडबुडे पेट घेतात. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. पदवी माझ्या एकट्याची होती.

सोमाभाऊंनी मात्र ओरडाआरडा केला नाही. सहाव्या खाचेवर मूठ ठेवली, कान दिला, पाचवीवर आणली. "या लोखंडाले इतकाच वेग मानवते," म्हणाले आणि हत्यार लावलं. शाफ्टवरून लोखंडाची चकचकीत सळसळती साल निघू लागली. रेग्युलेटरला वेगांच्या अकरा पायऱ्या होत्या. डोणीत दोन पायऱ्यांमधलेही वेग मिळत होते. दोन तासांत पाणी कोमट व्हायचं. मग लेथ थांबवून ते बदलायचं आणि काढलेलं गरम सोड्याचं पाणी बाया धुण्यासाठी घेऊन जायच्या. गिरणीच्या मजुरांचे सदरे इतके पांढरे पूर्वी कधी नव्हते.

बाजाराच्या आदल्या दिवशी शाफ्ट तयार झाला. बुशमध्ये असा बसला की हातानं ढकलला तर सरकावा आणि सोडला तर हलू नये. करवत फिरली. मॅनेजर खूष होऊन मला म्हणाले, "शाब्बास बीएस्सी!" सोमाभाऊंना काही म्हणाले नाहीत.

सोमाभाऊंनी हत्यारं पुसून डब्यात ठेवली, डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"काम झालं बाबू. मी जातो."

"कुठे?"

"गावाले. धान कापाले आलं."

"परत कधी याल?"

"ज्या तोंडानं मले पेलेला म्हटलं, त्या तोंडानं 'नाई' म्हनू द्या. मंग पाहू."

माझी मान खाली गेली. तेव्हा ते म्हणाले, "तुमाले काई नाई म्हनत जी. तुमी शिकेल मानूस. कवा बोलाचं ते तुमाले मालूम."

ते रागावले असते तर मी त्याच दिवशी मॅनेजरकडे गेलो असतो असं मला वाटतं. पण त्यांनी विश्वास ठेवला, आणि विश्वासाला मुदत नसते, म्हणून मी उद्या, परवा करत राहिलो. दरम्यान माझी नोकरी पक्की करण्याची शिफारस वर गेली आणि वरच अडकून राहिली. नवा टर्नर आला. त्याला डोणी आवडेना, सोमाभाऊंच्या खाचांवर त्याचा हात बसेना.

होळीच्या आधी कलकत्त्याहून खोकं आलं. भुशातून मी नवा रेग्युलेटर बाहेर काढला. नवी काळी पाटी, नवी वेटोळी आणि पुन्हा अकराच गुंड्या! जुनी पेटी भिंतीवरून उतरवली. कोणती तार कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. नवी पेटी ओळंब्यात बसवली, एकेक गुंडी दिव्यावर तपासली. हात पुढे जाई तसा दिवा उजळत जाई. आता मोटारीच्या दोन तारा डोणीवरून काढून पेटीला जोडल्या की झालं.

तेवढ्यात कारकून एक कागद घेऊन आला. जुना भाग बाद करण्याचा फॉर्म. त्यात एक रकाना होता, 'बिघाडाचे कारण'. मॅनेजरनी सांगितलं होतं, "लिही, टर्नर मद्यधुंद." जुनी पेटी समोर पडली होती. मी ती उलटी केली. गुंड्यांच्या बुडाशी, जिथे माझा बोळा पोहोचला नव्हता, तिथे शेंदूर होता.

मी रकाना भरला. मग कामाची सुट्टी व्हायच्या वेळी, सगळे फाटकाशी असताना, मॅनेजरांसमोर तो मोठ्यानं वाचला. माझा आवाज इतका चढला होता की बॉयलरवालाही बाहेर आला.

मॅनेजर म्हणाले, "इतके महिने झोपला होतास?" माझं पक्कं होणं वर्षभर पुढे गेलं. त्याबद्दल त्यांना मी दोष देत नाही. उलट, त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी आजही त्यांना मानतो. मी पत्र लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि माझ्या हातातून टाक घेतला.

पत्र जंगलखात्याच्या नाकेदाराच्या हाती जंगलात गेलं. लेखी उत्तर आलं नाही. बाजाराच्या दिवशी फाटकात माणूसच उभा होता. पुढे सोमाभाऊ थकून गावी जाईपर्यंत आम्ही एकाच शेडमध्ये काम केलं. ते वारल्यावर त्यांच्या मुलीनं हत्यारांचा डबा मला पाठवला. पटाशीच्या खाली, तेलकट फडक्यात, ते पत्र होतं. जसंच्या तसं देतो.

*

श्री. सोमाभाऊ मडावी यांस जोहार.

शाळेच्या गुरुजींना विनंती, की हे पत्र गावचे लोक बसले असताना मोठ्यानं वाचावं. त्यासाठीच अक्षर मोठं काढलं आहे.

सोमाभाऊ, नवा रेग्युलेटर आला! यालाही अकराच गुंड्या आहेत, मी तीनदा मोजल्या. पाटीला एक चरा नाही. तुम्ही पाहाल तर तुमचा हात आपोआप पुढे जाईल.

जुना रेग्युलेटर का जळला हे आज मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कागदावर असं लिहिलं आहे : 'झाकण सुपरवायझरने उघडले. टर्नरने मना केले असता सुपरवायझर "लावा, लावा" म्हणाला. तेलाचा शेंदूर वाळून वीज अडली. नंतर सुपरवायझरने तो पुसून टाकला. टर्नरची चूक नाही.' सखूबाई रडायला लागली, तिला मी सांगितलं की बोट तिचं होतं, पण अक्कल माझी होती.

तुम्ही म्हणाला होतात, कधी बोलायचं ते मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. उशीर झाला, त्याची क्षमा करा.

झिंगरू रोज डोणी मागतो. मी त्याला सांगितलं आहे, अजून थोडं थांब. नवी पेटी भिंतीवर बसवली आहे, दिव्यावर तपासली आहे. फक्त दोन तारा बदलायच्या राहिल्या आहेत. त्या मी बदललेल्या नाहीत, नव्या टर्नरलाही बदलू देणार नाही. काम डोणीवरच चालू आहे. तुमचा हत्यारांचा डबा माझ्या टेबलावर आहे, त्याला मी कुलूप लावलेलं नाही.

खालची ओळ माझ्या हातची नाही. शाई तीच आहे, अक्षर वेगळं आहे. गुरुजींनी ती जरा थांबून वाचावी.

आपला,
बीएस्सी बाबू

सोमा, तू त्या दिवशी प्यायलेला नव्हतास. मी चुकीचं बोललो. ये.